सुत्तनिपात वाचायचाय, पण घर कसं चालवायचं?

*"मॅडम, सविनय जयभीम. मी जिंतूर तालुक्यातली, वय २६. शहरात राहून पालीत एम.ए. केलं. नेट निघाली, पण जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, थोडक्यात हुकली. वडील गवंडीकाम करतात, आई शेतात मजुरीला जाते, धाकटा भाऊ पोलीस भरतीची तयारी करायलाय. मला सुत्तनिपातावर, तिपिटकातल्या त्या जुन्या गाथांच्या ग्रंथावर, पीएचडी करायचीय. सर म्हणतात, 'तालुक्यातील तरुणांवर बौद्ध विचारांचा प्रभाव' हा विषय घे, प्रश्नावली भरून घे, तीन वर्षांत मोकळी होशील. घरी बाबा म्हणतात, बी.एड. कर आणि लाग कुठंतरी. मामा तर हसतात, 'पाली शिकून भंतेजी व्हायलीस का?' अजून एक मनातलं. विहारात ज्या गाथा मी लहानपणापासून म्हणते, त्यांचे पाठभेद, म्हणजे पोथीपोथीतले शब्दांचे फरक, वर्गात दाखवले तेव्हा कसंतरी झालं. बुद्धवचनात चूक काढणारी मी कोण? आणि माझं इंग्रजीही कच्चं आहे. या विषयात खरंच आयुष्य काढता येतं का?"*

सप्रेम जयभीम.

सरांनी सुचवलेला विषय घेऊ नकोस. बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

त्या विषयात वाईट काही नाही. तुझी पदवी समाजशास्त्राची असती तर मीच म्हटलं असतं, बिनधास्त कर. पण तू पाली शिकलीस, आणि या प्रबंधात पालीची एक ओळ वाचायची वेळ येणार नाही. प्रश्नावल्या वाटायच्या, टक्केवारीचे तक्ते करायचे, शेवटी 'बुद्धांच्या विचारांची आज नितांत गरज आहे' असा निष्कर्ष काढायचा. तो तर प्रश्नावली छापायच्या आधीही ठाऊक होता. नावामागे डॉक्टर लागेल. मग एखाद्या मुलाखतीत समोरचा माणूस मज्झिमनिकायाचं पान उघडून म्हणेल, 'एवढा परिच्छेद वाचा आणि अर्थ सांगा.' तोवर तुझं एम.ए.चं पाली गंजलेलं असेल.

हे मी हवेत बोलत नाही. परीक्षणाला येणाऱ्या प्रबंधांत पुन्हा पुन्हा दिसतं ते असं: गाथेचा मराठी अर्थ इंग्रजी भाषांतरावरून घेतलेला, वर पाली मूळ नुसतं चिकटवलेलं, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. तोंडी परीक्षेत 'हे क्रियापद कोणत्या काळातलं?' म्हणून विचारलं की उमेदवार गाइडकडे बघतो, गाइड खिडकीबाहेर. पालीची अडचण पैशाची आहे असं सगळे म्हणतात. आहेच. पण त्याच्याही आधीची अडचण मूळ वाचू शकणाऱ्या माणसांची आहे, आणि तिचा उपाय तुझ्या हातात आहे.

सरांवर मात्र चिडू नकोस. युजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ पीएचडी विद्यार्थी घेता येतात. मराठवाड्यात पालीचे मार्गदर्शक आधीच थोडे, रांग लांब. एकजण लवकर सुटला की दुसऱ्याला जागा होते. 'मला दुसरा विषय हवा' एवढंच जाऊन सांगितलंस तर ते 'बघू' म्हणतील, आणि आपल्याकडच्या 'बघू'चा अर्थ तुला ठाऊक आहे. दोन पानं लिहून ने. कोणता ग्रंथ, कोणता भाग, कोणता प्रश्न, कोणत्या आवृत्त्या समोर ठेवणार, एवढं त्यात असलं की नाही म्हणणं त्यांनाही जड जाईल.

त्या दोन पानांत काय असावं ते जरा सविस्तर सांगते, कारण मला यातच खरा रस आहे.

'सुत्तनिपाताचा अभ्यास' असा विषय देऊ नकोस. पाच वग्ग म्हणजे भाग, साडेअकराशेच्या आसपास गाथा. सगळ्याला हात घातलास तर कशालाच लागणार नाही. शेवटचा पारायनवग्ग घे. आणि तो तर आपल्या घरचा आहे! त्याच्या सुरुवातीच्या वत्थुगाथांत, म्हणजे प्रास्ताविक कथेच्या गाथांत, बावरी नावाचा ब्राह्मण कोसलातून दक्षिणेला येतो आणि 'वसि गोधावरीकूले, उञ्छेन च फलेन च', म्हणजे गोदावरीच्या काठी, वेचलेलं धान्य आणि फळं खाऊन राहतो. त्याचे सोळा शिष्य बुद्धांना भेटायला निघतात. त्यांच्या वाटेतलं पहिलं गाव पतिट्ठान, म्हणजे आपलं पैठण. मग माहिस्सती, उज्जेनी, वेदिसा, कोसंबी, सावत्थी असं करत ते मगधात पोचतात. गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर उभं राहून हे वाचता येतं, आणि आपल्या किती पोरांना ते माहीत आहे?

आता त्याच गाथांकडे अभ्यासक म्हणून बघ. बावरी राहतो तो अस्सक नावाच्या लोकांच्या मुलुखात, पण शेजारच्या मुलुखाचं नाव काय? कुठे 'अळक' छापलंय, कुठे 'मळक', कुठे 'मुळक'. तिन्ही बरोबर असू शकत नाहीत. नुसतं पाली घोकून याचं उत्तर मिळत नाही. मग नाशिकच्या लेण्यांत जावं लागतं. तिथे गौतमी बलश्रीच्या शिलालेखात तिच्या मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या ताब्यातल्या प्रदेशांची यादी आहे, आणि तीत 'असक' आणि 'मुळक' ही नावं एकापाठोपाठ येतात. म्हणजे 'मुळक'चं पारडं जड झालं. पण लगेच तोच पाठ मूळचा म्हणून मोकळं व्हायचं का? की एखाद्या जाणत्या लेखकूने ओळखीचं नाव बघून मागाहून दुरुस्त केलं असेल? कोणती पोथी कोणत्या परंपरेतली, अट्ठकथेने, म्हणजे जुन्या पाली टीकेने, कोणता पाठ समोर ठेवून अर्थ लावलाय, हे सगळं बघितल्यावर तू जे वाक्य लिहिशील ते तुझं. त्याला संशोधन म्हणतात. पितळखोऱ्याच्या खांबावर पैठणच्या गंधिकाने दिलेलं दान कोरलेलं आहे. तो शिलालेखही या वाटेच्या संदर्भात वाचायला घे. कन्नड तालुक्यात जाऊन यायला एक दिवस पुरतो.

याच वग्गात आणखी मोठा प्रश्न दडलाय. पारायनवग्गावर 'चूळनिद्देस' नावाचं जुनं भाष्य आहे, इतकं जुनं की ते स्वतःच तिपिटकात गणलं गेलं. ते सोळा शिष्यांच्या प्रश्नोत्तरांवर शब्द न् शब्द बोलतं, पण बावरीच्या कथेवर गप्प आहे. म्हणून अनेक अभ्यासक मानतात की प्रश्नोत्तरं आधीची आणि गोदावरीकाठची कथा नंतर जोडलेली. मग ती कोणी जोडली? दक्षिणेतल्या संघाला आपली नदी बुद्धांच्या वाटेला जोडून घ्यायची होती का? मराठवाड्यातल्या मुलीने विचारावा असा हा प्रश्न आहे, आणि प्रश्नावली वाटून तो सुटत नाही.

भाषांचं आता. पाली तर रोजच, त्यात सुट्टी नाही. संस्कृत टाळता येणार नाही. आपल्याकडे काहींना संस्कृत म्हटलं की नको वाटतं, त्यामागचा इतिहास मला समजतो, पण पालीचं व्याकरण आतून समजून घ्यायचं तर ते शिकावंच लागतं. आणि बौद्धांचं अर्धं वाङ्मय संस्कृतातच होतं. आपल्या अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात चित्रांबरोबर रंगवलेले श्लोक आर्यशूराच्या जातकमालेतले आहेत, तेही संस्कृत. चिनी लागते का? पारायनवग्गाला सुरुवातीला नाही लागत. सुत्तनिपाताचाच चौथा भाग, अट्ठकवग्ग, घेतलास तर लागते, कारण त्याचं तिसऱ्या शतकातलं चिनी भाषांतर टिकून आहे. ते इंग्रजीत आणलं पु. वि. बापटांनी, १९५१ साली. याच बापटांनी १९२४ मध्ये पुण्यात सुत्तनिपाताची देवनागरी आवृत्ती काढली होती. म्हणजे एका ग्रंथाच्या मागे माणूस पाव शतकाहून जास्त काळ राहिला, आणि मध्ये चिनी शिकला. या विषयाचा वेग असा आहे. कोपनहेगनला १९२४ मध्येच पालीचा मोठा चिकित्सक कोश निघायला लागला, तो २०११ मध्ये 'क' अक्षरापाशीच थांबला. तुझे मामा हे ऐकून आणखी हसतील, त्यांना सांगू नकोस.

साधनं मात्र आता स्वस्त आहेत. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनेचं, म्हणजे सहाव्या धम्मसंगीतीत तपासलेलं, सगळं तिपिटक, अट्ठकथा-टीकांसह, देवनागरीत फुकट उपलब्ध केलंय. भिक्खू जगदीश काश्यपांनी संपादित केलेले नालंदा आवृत्तीचे ४१ खंड ग्रंथालयात मिळतील. बाबासाहेबांनी स्वतः तयार केलेला पाली शब्दकोश आणि व्याकरण शासनाने त्यांच्या लेखनाच्या १६व्या खंडात छापलंय. तो खंड घरात ठेव. संशोधनाला तो अपुरा पडेल, पण वडिलांच्या हातात देता येईल असं पालीचं दुसरं पुस्तक मला तरी सुचत नाही.

आता पैसा.

कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, हे खरं. पण पालीच्या तशा जागा राज्यात मोजक्या, त्यात मराठवाड्यात अजून मोजक्या, आणि निघतात कधी हे कोणी सांगू शकत नाही. तोवर सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावरची नेमणूक. तासाप्रमाणे पैसे, ते महिन्याच्या महिन्याला येतील याचा भरवसा नाही, उन्हाळ्यात तास नाहीत म्हणून पैसेही नाहीत. खासगी संस्थेत कायम जागा निघाली की 'किती लागतील' ही कुजबुज सुरू होते, तीही तुझ्या कानावर आली असेल. वडिलांची ती ऐपत नाही आणि तू त्या वाटेला जाऊ नयेस. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यातून उद्या काही जागा, काही प्रकल्प निघतीलही. त्या भरवशावर आज घर चालत नाही.

म्हणून जेआरएफ. तीच तुझी पहिली नोकरी समज. पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, पुढची तीन वर्षं ४२,०००. घरभाडं सोडून पाच वर्षांचे २४ लाख होतात. वयाची अट ३० आहे, पण महिलांना आणि अनुसूचित जातींना पाच वर्षांची सवलत आहे, म्हणजे तू घाईत नाहीस. थोडक्यात हुकलेली माणसं बहुतेकदा पहिल्या पेपरात मार खातात, कारण आपल्या विषयाची मुलं तर्क आणि आकडेमोडीला हात लावत नाहीत. आपले गुण काढून बघ. बार्टी या राज्य शासनाच्या संस्थेची अनुसूचित जातींसाठी अधिछात्रवृत्ती आहे, तिच्यासाठीही अर्ज कर, मात्र तिथल्या पैशाला उशीर होऊ शकतो हे धरून चाल. कसलीच फेलोशिप हातात नसताना पीएचडीला नाव घालू नकोस. नियमाने कमाल मुदत सहा वर्षं आहे, महिलांना वर दोन वर्षांची सवलत मिळू शकते, पण घड्याळ नोंदणीच्या दिवसापासून चालू होतं.

परदेशाचा विचार मनात असेल तर एक धोका आधीच सांगते. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास यांवरचे विषय वगळले होते. सुत्तनिपात नेमका त्यात सापडतो. तू अर्ज करशील त्या वर्षीची जाहिरात बारकाईने वाचल्याशिवाय तिच्यावर विसंबू नकोस. राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती वेगळी आहे, तिची जाहिरातही वेगळी बघ. पण हे सगळं दोन-तीन वर्षांनंतरचं.

पालीचे लोक अशा वेळी धर्मानंद कोसंबींचं उदाहरण देतात. कलकत्त्याची अडीचशे रुपयांची नोकरी सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांकडून महिना पन्नास रुपये घेतले, कारण त्यांना महाराष्ट्रात राहून बुद्धांवर मराठीत लिहायचं होतं. माणूस थोरच. सुत्तनिपाताचं त्यांनी केलेलं मराठी भाषांतर तू वाचलंच असशील. पण त्याआधी ते घर सोडून निघाले तेव्हा गोव्यात त्यांची बायको आणि तान्ही मुलगी मागे राहिली होती, हे उदाहरण देणारे सांगत नाहीत. त्या घराचं ओझं दुसऱ्या कोणी उचललं. तुझं ओझं उचलायला कोणी नाही, आणि मुलीने सगळं सोडून ग्रंथामागे जावं असं तिला कोणी म्हणणारही नाही. तेव्हा त्यागाच्या गोष्टी ऐकायच्या आणि सोडून द्यायच्या. त्यापेक्षा चि. वि. जोशी बघ. बडोद्याला पाली शिकवलं, पालीची पाठ्यपुस्तकं लिहिली, आणि अख्ख्या महाराष्ट्राला हसवलं. दुसरा धंदा असला की ग्रंथाला कमीपणा येत नाही. संभाजीनगरात राहणार असशील तर जपानीचा विचार जरूर कर. अजिंठा-वेरूळला येणाऱ्या जपानी पाहुण्यांना भाषा जाणणारी माणसं लागतात, आणि बौद्ध ग्रंथांवरचं उत्तम संशोधन जपानीतही भरपूर आहे. पोटाचं आणि अभ्यासाचं दोन्ही काम एकाच शिकण्यात होतं.

विहारातल्या गाथांबद्दल तू लिहिलंस ते मला महत्त्वाचं वाटलं. पाठभेद म्हणजे बुद्धवचनातली चूक नव्हे. तोंडपाठ करणाऱ्यांच्या आणि पोथ्या उतरवणाऱ्यांच्या हजारो हातांचा तो माग आहे. आणि 'मी कोण' असं विचारतेस, तर बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत काय केलंय ते पुन्हा वाच. सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि प्रेत बघून घर सोडलं, ही गोष्ट पटण्यासारखी नाही असं ते सरळ लिहितात. चार आर्यसत्यं मूळ शिकवणीतली की भिक्खूंनी नंतर घातलेली, असाही प्रश्न टाकतात. त्यांची सगळी उत्तरं तुला ग्रंथात सापडतीलच असं नाही, काही ठिकाणी तुझा अभ्यास वेगळं सांगेल. सांगू दे. सकाळी वंदनेत ती गाथा मनापासून म्हण, दुपारी तिचे पाठ ताडून बघ. लोक टोकतील, 'धम्मावर शंका घेते' म्हणून. वस्तीत त्यावर वाद घालत बसू नकोस. त्यापेक्षा वर्षावासात विहारात चार जणांना पारायनवग्ग मुळातून वाचून दाखव, बावरीच्या गाथांपासून. पैठणचं नाव आलं की सगळे कान टवकारतील.

बाबांचं काय? ते चुकीचं काही म्हणत नाहीत. मुलगी २६ वर्षांची, हातात पदवी, आणि दर महिन्याला घरात येणारं काही नाही, तर बाप दुसरं काय म्हणणार? त्यांना पालीची थोरवी सांगू नकोस, कागदावर आकडे मांडून दाखव. नेट वर्षातून दोनदा होते. पुढचे दोन प्रयत्न मागून घे. तोवर शिकवण्या घे, सीएचबीचे तास मिळाले तर घे, घरात थोडं तरी देत राहा. जेआरएफ निघाली तर २४ लाखांचा आकडा आहेच. नाही निघाली तर बी.एड.ला अर्ज भर, रडत न बसता. दोन वर्षांत ते होईल, आणि रात्रीचे दोन तास पारायनवग्गाला राहतील. बी.एड. झालेल्या शिक्षिकेला पाली वाचायला कोणी बंदी केलेली नाही. एक मात्र पक्कं कर: भावाची भरती झाली तरी त्याच्या पगारावर तुझा अभ्यास टाकायचा नाही. ते पुढे महागात पडतं, तुलाही आणि त्यालाही.

राहिलं इंग्रजी. क्लास लावू नकोस, पैसे जातील. के. आर. नॉर्मन यांचं सुत्तनिपाताचं इंग्रजी भाषांतर मिळव, टिपांसह असलेलं. पाली मूळ तुला येतंच, त्यामुळे इंग्रजी वाक्य अडलं तरी अर्थ हातातून सुटत नाही. रोज पाच गाथा आणि त्यांच्या टिपा, वहीत मराठीत उतरवून. टिपा भाषांतरापेक्षा जास्त पानं खातात आणि सुरुवातीला डोकं दुखवतात. सरांकडे न्यायची ती दोन पानं मात्र आधी लिही, आणि नेण्यापूर्वी मला पाठव.